उरलेली वीस मुलं काय करतात?

विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधे पसरलेल्या जुळे सोलापुरात जून लागला की घरांच्या फाटकांवर बालवाडीच्या पाट्या दिसू लागतात. तळमजल्यावरचा हॉल, पुढं थोडं अंगण, भिंतीवर रंगवलेली फुलपाखरं आणि पंचवीस मुलं. अशाच एका हॉलमध्ये, शाळा सुरू होण्याआधीच्या शनिवारी, दोघीजणी सतरंजीवर बसल्या आहेत असं समजू. एक आहेत बाई. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांनी पस्तीस वर्षं बालवाडी चालवली. दुसरी आहे ताई. बाईंच्या हाताखाली ती दोन वर्षं शिकली आणि आता स्वतःचा वर्ग चालवते. दोघी कल्पित आहेत, त्यांच्या वर्गातले प्रसंगही. त्यांच्यातला वाद मात्र बालशिक्षणात खरोखर चालत आलेला आहे, आणि इतिहासातले, संशोधनातले जे दाखले त्या देतात तेही खरे आहेत.

ताईच्या मांडीवर वही आहे. आडवं पान, पाच रकाने, सोमवार ते शुक्रवार. प्रत्येक रकान्यात पाच नावं आणि, शुक्रवार सोडून, खाली दोन-तीन ओळी.

"काय लिहायलीस गं एवढं?" बाईंनी विचारलं.

"छोट्या गटाचं नियोजन. रोज एक गट, पाच मुलं, पंधरा मिनिटं. आठवड्यात प्रत्येक मूल एकदा तरी माझ्या अगदी जवळ बसेल."

बाईंनी वही हातात घेतली, पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि विचारलं, "आणि उरलेली वीस मुलं काय करतात?"

वहीत त्याचं उत्तर नव्हतं. बाई पुढं म्हणाल्या, "चार वर्षांच्या मुलाला रकान्यात बसवायचं नसतं. गोल करावा, गाणं म्हणावं, गोष्ट सांगावी आणि मग मोकळं सोडावं. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढं 1957 साली अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी अंगणवाडी पाड्यावर नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. शिंपले, गारगोट्या, बिया हेच साहित्य. मूल जिथं होतं तिथं त्या गेल्या. त्यात हे रकाने कुठं होते?"

"पण बाई, कुरणात कधी जायचं, काय घेऊन जायचं, हे त्यांनी मुलांकडे पाहूनच ठरवलं ना? तेच नियोजन. मला पंचवीस जणांच्या गोलात मूल दिसतच नाही. ऐकू तर मुळीच येत नाही."

मग ताईनं गेल्या वर्षीची हकीकत सांगितली. वर्गात एक मुलगा होता. रोज गोलात सगळे एक ते दहा म्हणायचे, तोही ओठ हलवायचा. त्याला येतंय असंच ती धरून चालली. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा पाच जणांना घेऊन बसली, प्रत्येकापुढं चिंचोके ठेवले आणि त्याला म्हणाली, मला तीन दे. त्यानं मूठभर दिले. किती आहेत विचारलं तर गप्प. शेजारच्या मुलीनं त्याला कानडीत काहीतरी सांगितलं, आणि तो एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत "ओंदु, एरडु, मूरु" असं व्यवस्थित मोजत गेला.

"त्याला मोजता येत होतं. मराठीत येत नव्हतं, एवढंच. हे कळायला मला पाच महिने लागले."

सोलापुरात ही गोष्ट किरकोळ नाही. इथं एकाच वर्गात पाण्याला पाणी म्हणणारं मूल असतं, नीळ्ळु म्हणणारं तेलुगू घरातलं असतं, नीरु म्हणणारं कानडी घरातलं असतं आणि पानी म्हणणारंही असतं. तेलुगू म्हणजे पूर्व भाग, ही वाटणी जुनी झाली. जुळे सोलापुरात शहराच्या सगळ्या पेठांतून, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून आणि थेट विजापूरकडून आलेली कुटुंबं एका जिन्यावर राहतात. याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत, रणजितसिंह डिसले 2009 साली जिल्हा परिषदेच्या शाळेवर गेले. मुलांच्या घरची भाषा कन्नड असल्यानं पाठ्यपुस्तक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, असं सांगतात. म्हणून डिसले गुरुजी ती भाषा शिकले आणि पुस्तकं मुलांच्या भाषेत उतरवली, ही माहिती त्यांना 2020 साली मिळालेल्या ग्लोबल टीचर प्राइझच्या वेळी जगभर पोचली. पुरस्काराच्या 10 लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. त्या बातमीतला बालवाडीच्या कामाचा भाग एवढाच, की शिकवण्याआधी मूल कोणत्या भाषेत विचार करतं हे शिक्षकानं शोधून काढलं.

बाईंना हे पटलं, पण अर्धंच.

"मला तेलुगू आलं ते मुलांमुळंच," त्या म्हणाल्या. "पण एक सांगते. नवीन भाषेत आलेलं मूल आधी नुसतं ऐकतं. महिना, दोन महिने. गोलात सगळे मिळून गात असतात तेव्हा त्याला लपायला जागा असते. तू त्याला पाच जणांत समोर बसवलंस आणि विचारलंस, सांग हे काय आहे, तर ते रडेल. लपू दे की त्याला."

ताई थोडा वेळ बोलली नाही. मग तिनं पेन्सिल घेतली आणि वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं: पहिले तीन आठवडे गट नाही. "हे खरंय. आधी वर्गाची सवय, मग गट. आणि गटात पहिल्या दिवशी प्रश्नच नको. 'मला दे', 'इथं ठेव', 'माझ्यासारखं कर'. हातानं उत्तर देता येईल असं काम."

आता बाईंनी दुसरा मुद्दा काढला. मुलं कमी केली की शिकवणं आपोआप सुधारतं, हा समज त्यांना मान्य नव्हता. 2015 च्या सुमारास साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातल्या शाळांचं नाव झालं, तेव्हा राज्यभरातून शिक्षक तिथं पाहायला गेले. प्रतिभा भराडे विस्तार अधिकारी होत्या. त्यांच्या बीटात मुलं जमिनीवर गटागटानं बसून साहित्य हाताळत शिकत होती. "नंतर मी एका शाळेत गेले," बाई म्हणाल्या. "फरशीवर सगळे तक्ते रंगवलेले. मुलं गटात बसवलेली. आणि शिक्षक फळ्यापाशी उभे राहून सगळ्यांना एकच धडा सांगत होते. गोल मोडून चौकोन केला, एवढाच बदल."

या मुद्द्यावर जगात मोजमापं झाली आहेत आणि ती एका सुरात बोलत नाहीत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात मोठा प्रयोग झाला. काही वर्गांत 13 ते 17 मुलं ठेवली, काहींत 22 ते 25. बालवर्ग ते तिसरीपर्यंत लहान वर्गातली मुलं पुढं राहिली. म्हणजे संख्या कमी केल्याचा फायदा झाला.

मुंबई आणि वडोदऱ्याचा अनुभव वेगळा आहे. प्रथम या संस्थेनं तिथल्या महापालिका शाळांत बालसखी योजना चालवली. वस्तीतलीच एक तरुणी मागं पडलेल्या 15 ते 20 मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं घेऊन बसायची आणि वाचन-गणिताच्या अगदी पायाच्या गोष्टी करून घ्यायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या योजनेची पाहणी केली. 2007 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शाळांची सरासरी वाढली आणि ती मुख्यतः तळातल्या मुलांमुळं वाढली. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. बालसखीकडे काही मुलं गेल्यानं मूळ वर्गही त्या वेळेपुरता लहान झाला होता. मागं राहिलेल्या मुलांना त्या मोकळ्या जागेचा म्हणावा असा फायदा झाला नाही. शिक्षक तेच, धडा तोच, फक्त बाकं रिकामी.

"म्हणजे दोघी बरोबर," ताई म्हणाली.

"नाही. म्हणजे गट लहान करून भागत नाही. गटात काय करणार आहेस ते सांग. आणि आणखी एक, त्या तुझ्या रकान्यांत कच्ची मुलं एकत्र आहेत का? आमच्या वेळी 'ब' तुकडी असायची. त्या तुकडीतल्या मुलाला आपण 'ब' आहोत हे पहिल्या आठवड्यात कळायचं, आणि पुढं दहावीपर्यंत ते कळत राहायचं."

बाईंचा आवाज इथं चढला होता. ताईनं वही त्यांच्याकडे फिरवली. सोमवारच्या गटातली मुलं एकाच अडचणीची होती: वस्तू मोजताना एक शब्द आणि एक वस्तू यांची जोडी न जमणारी. बुधवारचा गट मुद्दाम मिसळलेला होता: दोन बोलकी मुलं, दोन अबोल, एक नवीन. त्यांच्यासाठी चित्रावरून गप्पा. शुक्रवारच्या नावांखालची जागा रिकामीच ठेवली होती. आठवडाभरात जे दिसेल त्यावरून ती भरायची. गटांना नावं नव्हती, रंग नव्हते. "नाव दिलं की गट टिकतो," ताई म्हणाली. "मला तो मोडायचा असतो. सोमवारचं काम जमलं की त्या पाच जणांचा एकमेकांशी संबंध संपला." प्रथमच्या आजच्या पद्धतीतही मुलांचे गट इयत्तेनं पडत नाहीत, प्रत्येक मुलाला समोर बसवून दोन-तीन मिनिटांत वाचून घेतात, त्यावरून गट पडतो आणि मूल पुढं सरकलं की गट बदलतो.

बाईंनी मान हलवली, पण हेका सोडला नाही. त्यांना खेळाबद्दल बोलायचं होतं.

"माझ्या वर्गात बाहुलीघरात मुली काय खेळायच्या माहितीये? 'नळ आला.' पाणी रोज न येणाऱ्या गावातली पोरं ती. नळ आला म्हटलं की सगळी धावायची. कळशी भर, बादली भर, आधी प्यायचं मग वापरायचं, शेजारणीला सांग, मोटर बंद कर. चार कळश्या झाल्या, अजून दोन राहिल्या, हे सगळं त्यात. कुणी शिकवलं? बेरीज-वजाबाकी तिथंच होती. तू त्यांना उठवून चिंचोके मोजायला नेशील."

"नाही नेणार. पण त्या खेळात मी काय पाहिलं असतं ते सांगू? 'चार कळश्या भरल्या' म्हणणाऱ्या मुलीनं खरंच चार भरल्या का, की चार हा शब्द तिला फक्त खूप अशा अर्थानं येतो? खेळ चालू असताना मी ते टिपून ठेवणार आणि सोमवारी तोच खेळ पाच जणांत घेणार."

इथं दोघींच्या बोलण्याला पहिल्यांदा एक जोड मिळाली, म्हणून तो सोमवारचा पाठ जरा बारकाईनं पाहायला हवा. रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली लहान मुलांच्या मोजण्यावर पुस्तक लिहिलं. आकडे म्हणता येणं आणि मोजता येणं यांत किती पायऱ्या आहेत, हे त्यांनी दाखवलं. आकड्यांचा क्रम ठरलेला असतो. एका वस्तूला एकच शब्द द्यायचा असतो. आणि शेवटी म्हटलेला शब्द म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, ही पायरी तर अनेक मुलांना उशिरा लाभते. पाच वाट्या मोजून झाल्यावर "मग किती झाल्या?" विचारलं की मूल पुन्हा एकपासून मोजू लागतं, ते याच पायरीवर अडलेलं असतं. पंचवीस जणांच्या गोलात ही अडचण कधीच दिसत नाही. पाच जणांत ती पाचव्या मिनिटाला दिसते.

ताईचा पाठ असा होता. हेतू एकच: सांगितले तेवढे पेले, पाचपर्यंत, मोजून देणं. साहित्य प्रत्येकाला वेगळं, म्हणजे वाट पाहण्यात वेळ जाणार नाही: एक ताटली, सात-आठ पेले, एक बाहुली. सुरुवात खेळातून: नळ आला, बाहुलीच्या घरी तीन माणसं आहेत, प्रत्येकाला एक पेला पाणी. मग तीन प्रश्न, आधीच लिहून ठेवलेले. पहिला सगळ्यांना: तीन पेले दे. दुसरा, जमलं त्याला: आता पाहुणी आली, किती पेले लागतील? तिसरा, जमलं नाही त्याच्यासाठी: एका माणसापुढं एक, असं माझ्याबरोबर ठेव. मोजणी कोणत्याही भाषेत चालेल. ताईनं स्वतः तेलुगू आणि कानडीतले पाचपर्यंतचे आकडे वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून घेतले होते. शेवटी पेले धुवायच्या टोपलीत मोजत ठेवायचे. पंधरा मिनिटं म्हणजे जास्तीत जास्त पंधरा. दहाव्या मिनिटाला नजरा भिरभिरू लागल्या तर दहाला उठायचं.

आणि पाठ संपल्या संपल्या, मुलं उठायच्या आत, प्रत्येक नावापुढं दोन-तीन शब्द. "कानडीत पाचपर्यंत." "शेवटचा आकडा कळतो." "हात मधे घालते, एकटीला देऊन पाहणे." पुढच्या आठवड्याचे रकाने या शब्दांतून भरायचे.

"हे चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण माझा प्रश्न तसाच आहे."

उरलेली वीस मुलं.

हा प्रश्न बालवाडीपेक्षा अंगणवाडीत जास्त टोचतो. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीची रचना एक सेविका आणि एक मदतनीस अशी आहे. आहार, वजन-उंची, लसीकरणाचा पाठपुरावा, गरोदर बायकांची नोंद आणि आता पोषण ट्रॅकर ॲपवरची माहिती, हे सगळं सांभाळून सेविकेनं तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं. शाळेला शिक्षण हक्क कायद्यानं निदान पहिली ते पाचवीसाठी 30 मुलांमागं एक शिक्षक हे प्रमाण घालून दिलं. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तीन ते आठ वयासाठी खेळातून शिकणं मध्यभागी आणलं. आराखडा कागदावर योग्य आहे. पण सेविकेला पाच मुलांसोबत पंधरा मिनिटं शांत बसू द्यायचं, तर उरलेल्यांची सोय आधी करावी लागते.

तिथं बाईंचा पस्तीस वर्षांचा अनुभव उपयोगी पडला. त्या सांगत गेल्या आणि ताई लिहीत गेली.

गटाच्या वेळी कोपऱ्यांत नवीन काहीच ठेवायचं नाही. नवीन खेळणं दिसलं की भांडण होतं आणि मूल बाईंकडे येतं. त्या वेळेला रोजचे, पाठ झालेले खेळ: बाहुलीघर, ठोकळे, चित्रांची पुस्तकं, माती नाहीतर कणकेचा गोळा, चादरीचे तुकडे. सोलापुरी चादरीवर तोच नक्षीचा भाग पुन्हा पुन्हा येतो. तुकडे जुळवत, पुढं काय येईल हे ओळखत मुलं तासभर रमतात, आणि गणिताच्या पुस्तकात ज्याला आकृतिबंध म्हणतात तो हाच. एका कोपऱ्यात चार-पाचांपेक्षा जास्त मुलं नकोत, म्हणून तिथं तेवढ्याच चटया. मदतनीस असेल तर तिला नुसतं "लक्ष ठेव" म्हणायचं नाही. कुठं बसायचं आणि काय बोलायचं ते आदल्या दिवशी सांगायचं. आणि शिक्षिकेनं खांद्यावर लाल टॉवेल टाकला म्हणजे गट चालू आहे: शू आली, लागलं किंवा कुणी रडतंय तर लगेच यायचं, बाकी काही असेल तर आधी मैत्रिणीला विचारायचं. ही सवय लावायला तीन आठवडे लागतात, आणि ते तीन आठवडे वाया जात नाहीत.

"म्हणजे नियोजन आधी वीस जणांचं, मग पाच जणांचं," ताई म्हणाली.

"हो. आणि गोष्ट मात्र सगळ्यांना एकत्र. ती मी तुला सोडू देणार नाही."

गोष्टीबद्दल त्यांचं पूर्ण जमलं नाही. ताईला पुस्तक छोट्या गटातही वाचायचं होतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी 1988 साली दाखवून दिलं, की मोठ्या माणसानं नुसतं वाचून दाखवण्याऐवजी मध्येच थांबून मुलाला बोलतं केलं, त्याचं वाक्य थोडं वाढवून परत त्याला दिलं, तर मुलांची भाषा लवकर फुलते. हे पंचवीस जणांत होत नाही, कारण बोलतात ती चारच मुलं, आणि रोज तीच. बाईंचं म्हणणं होतं, की गोष्टीत मधे थांबलं की गोष्ट मोडते; गोष्ट अखंड ऐकण्यात जो श्वास रोखला जातो तोही शिकण्याचाच भाग आहे. शेवटी ठरलं ते असं: गोष्ट आधी सगळ्यांना अखंड, आणि त्याच गोष्टीचं पुस्तक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाच जणांत, थांबत थांबत. ताईला वाटतं उलटा क्रमही चालेल. तो प्रश्न या वर्षीच्या वर्गात तपासून पाहायचा आहे.

संध्याकाळी फाटकाशी एक पालक आले. मुलीचा प्रवेश घ्यायचा होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सगळे विचारतात तोच: दिवाळीपर्यंत शंभरपर्यंत आकडे येतील का, लिहायला कधी सुरुवात करता? ताईनं त्यांना रकान्यांचं पान दाखवलं. आठवड्यातून एकदा तुमची मुलगी माझ्याजवळ पंधरा मिनिटं बसेल, आणि तिला काय येतं, कोणत्या भाषेत येतं, कुठं अडतं ते मी तुम्हाला महिन्याच्या शेवटी सांगेन, असं ती म्हणाली. पालकांनी वही उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मग बाकीचे दिवस ती काय करणार?"

बाई हसल्या. ताईनं त्यांना आत नेऊन कोपरे दाखवले.

जूनमध्ये मुलांसाठी बालवाडी शोधत फिरणाऱ्या आईवडिलांनी पाटी, गणवेश आणि पाठ केलेले आकडे यांच्याआधी एवढं जरूर विचारावं: माझ्या मुलाला आठवड्यातून किती वेळा पाच जणांत बसवून ऐकलं जातं, आणि त्या वेळी उरलेली मुलं काय करत असतात? ज्या बाईंकडे या दोन्ही प्रश्नांची लिहिलेली उत्तरं असतील, त्यांच्या वर्गात मूल घालायला हरकत नाही.